एकटा ढोल

—तर ढोल तेवढा वाजत राहिला, बाकी सगळं गप्प. किती वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. मीच वाजवत होतो ना, बँडमध्ये. मिरवणूक मोठी निघाली म्हणून मालकाने ऐन गाण्यात तीन नवे वाजवणारे घातले — त्यांना चाल कुठे ठाऊक? जुने त्यांच्याकडे वळले, हळूच सांगायला लागले, आणि सांगता सांगता स्वतः वाजवायचेच थांबले. हे का सांगतोय? तुम्ही विचारलंत ना, आतल्या कामाला इतका वेळ का लागतोय म्हणून. बसा ना, बाक मोठा आहे.

आत आमची मुलगी आहे. मी तिचा विसरलेला चष्मा घेऊन आलो, तर म्हणाली, बाबा, बाहेर बसा, आत्ता माझ्याशी बोलू नका. लोक अँब्युलन्ससाठी फोन करतात ना — पेशंट कुठे, जवळची गाडी कुठली — ती सगळी माहिती कॉम्प्युटरमधल्या तीन कंटेनरांत वाटून ठेवलेली आहे. मी आपला डबे म्हणतो. संध्याकाळपासून शेजारच्या शहराचेही फोन इथेच येणार, म्हणून तिनाचे सहा करायचे. करणं सोपं म्हणे — आकडा बदलला की मुकादम डबे मांडून देतो. माणूस नाही हो, प्रोग्रामच तो, तीच त्याला मुकादम म्हणते. पण नवा डबा येतो रिकामा. जुन्यांनी आपल्यातली माहिती त्याला द्यायची, आणि फोनचं कामही चालू ठेवायचं. तीन एकदम आले तर जुने देण्यातच गुंततात, मुकादमाच्या हाकेला ओ देत नाहीत — आणि तो काय समजतो? मेला. लगेच त्या डब्याला बंद करून पहिल्यापासून सुरू करतो. मग उरलेल्यांवर भार, मग तेही तसेच... आणि तेवढ्यात कुणाच्या घरी कुणी पडलं, तर? फोन लागेल, पण गाडी कुठली पाठवायची ते कुणाला कळणार?

तिचा साहेब म्हणतो, तिन्ही एकदम जोड. फोनवर इतका ओरडला, की मला इथे ऐकू आलं. माणूस भला असेल, पण अंगात घाई फार. ही हो म्हणाली — आणि जोडला एकच. तो भरला की दुसरा. साहेबाला मात्र सांगितलंय, तिन्ही चालू केलेत. हे आपल्यातच राहू द्या हं, पोरीची नोकरी जाईल. लहानपणी जेवायला नको म्हणायची, तेव्हा ही ढोलाची गोष्ट सांगितली की हसत हसत चार घास खायची. मघाशी चष्मा घेतला, तोही पडद्यावरची नजर न हलवता.

घ्या ना, तुमचा फोन वाजतोय. घ्या, मी थांबतो.

...

फोनवरचा हा आवाज — थांबा. मघाशी ओरडले ते तुम्हीच की. साहेब, मग आधी सांगायचंत तरी. मी म्हातारा, बोलायला कुणी मिळालं की बोलत सुटतो. काय रागवायचं ते माझ्यावर रागवा. तिला आत्ता हाक तेवढी मारू नका. पहिला डबा भरत आला असेल, तिचं सगळं लक्ष तिकडे आहे. मी पाया पडतो हवं तर...

साहेब, तिच्या खोलीचं दार इकडे आहे. तिकडे खाली जायचा जिना आहे.

साहेब—