कॅफेबाहेरची बाबागाडी

माझं तोंड आवरत नाही, हे इथे परदेशात, आपल्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात शेजारची डॉक्टर मंजिरी मला सोबत म्हणून कोपनहेगनला घेऊन गेली. तिथे आम्ही एका कॅफेत कॉफी घेत होतो, बाहेर बाबागाडीत तान्हं बाळ झोपलेलं, जवळ कुणी नाही. त्याची आई आत कॉफी पीत होती. मी म्हटलं, "कसली गं ही आई, लेकराला टाकून बसलीय."

मंजिरी कॉफी तशीच ठेवून बाहेर गेली आणि बाबागाडीपाशी उभी राहिली. तेव्हा मला आठवलं, हॉस्पिटलच्या ड्यूट्यांपायी तिचा दहा महिन्यांचा निहार नागपूरला आजीकडे आहे.

मी मागोमाग गेले, तोवर बाळाची आईही आली. "इथे सगळ्यांची बाळं अशीच बाहेर झोपतात," ती इंग्रजीत म्हणाली. "मला काचेतून दिसतं."

मी ओशाळून म्हटलं, "मंजिरी, मी तुला नव्हते गं म्हणत."

"माहीत आहे, काकू. निहारही मला काचेतूनच दिसतो, फोनच्या. फक्त तो रडला की मला उठून जाता येत नाही."

परतीच्या विमानात मी तिला एकच प्रश्न विचारला, "निहारला इकडे आणतेस का? दिवसभर मी घरीच असते."