माप डोक्यात आहे

...आणि वर बादली! नाही, तुम्हीच मला सांगा, साठीच्या बाईला कोणी बादली दाखवतं का? ‘हे बघ, आपलं बाथरूम’ म्हणून? झाकणसुद्धा नाही हो! चाळीस वर्षं ज्या प्रवासाची वाट बघितली त्यात माझ्या वाट्याला काय आलं, तर बादली, आणि तीसुद्धा आमच्याच घरातली, जिच्यात मी फडकी धुते... शी!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच कटकट करते. आमचे हे शिंपी. कोट-पँटवाले. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. लग्न झालं तेव्हा म्हणाले, ‘एवढा सीझन संपू दे, तुला मस्त फिरवून आणतो.’ संपतोय कसला! चाळीस वर्षं मी पडद्याच्या या बाजूहून त्या बाजूला गेले, हाच माझा प्रवास. आणि माझी धाकटी बहीण, खाडीच्या पलीकडे राहते, अगदी समोर, लाँचनं वीस मिनिटं... तिचा नवरा तिला सगळीकडे हिंडवतो आणि ती मला फोन करून विचारते, ‘ताई, भावजींनी तुला नेलं का गं कुठे? की अजून काजंच करतायत?’ हे असं! गोड आवाजात! मी म्हटलं, नेतील तेव्हा बघशील, तुझ्या दारात येऊन उभी राहीन. काय दुर्बुद्धी झाली आणि बोलून गेले!

बरं, कामात हुशार हो, नाही म्हणत नाही मी. पण एक खोड. माप लिहायचं नाही! एकदा टेप फिरवली की झालं. वही का नाही ठेवत म्हटलं की कपाळावर बोट आपटून... ‘माप डोक्यात आहे.’ एक वकील होते, दहा वर्षांनी आले, पोट हे एवढं सुटलेलं, ह्यांनी त्यांच्याकडे न बघताच जुन्या मापाचा कोट शिवून हातात दिला. वकिलांना श्वास घेता येईना, तर हे म्हणतात, ‘घाबरू नका, मार्जिन ठेवलंय, उसवून देतो.’ म्हणजे चूकही ठरलेली आणि त्यावरचा उपायही ठरलेला! लक्षात ठेवा हे, पुढे लागणार आहे.

तर दोन वर्षांपूर्वी ह्यांनी दुकान बंद केलं. मी लगेच बॅग खाली काढली, झटकली, उन्हात ठेवली. म्हटलं, आली माझी वेळ! आणि त्याच दिवशी आमच्या दातांच्या डॉक्टरांनी ह्यांना एक मासिक वाचायला दिलं. दात काढायचा सोडून मासिक देतात! त्यात काय, तर घरच्या घरी शिडाची होडी कशी बनवायची. प्लायवूड कापायचं, कडेनं भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालायचे आणि वरून चिकट रसायन फासायचं. हे धावत आत आले, डोळे हे एवढे... ‘अगं, होडी शिवतात! खिळा नाही, काही नाही, नुसते टाके!’ आता हे मासिक दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं असतं तर त्यानं वाचून रद्दीत टाकलं असतं ना? पण नाही, शिंप्याच्याच हाती पडायचं होतं!

आणि सुरू झालं. दुकानातलं कापायचं टेबल, त्यावर प्लायवूड. प्लायवूडवर खडूनं खुणा. भुसा सगळीकडे, पिठात, अंथरुणात, माझ्या चष्म्यावर. आणि त्या रसायनाचा वास... अहो, काय सांगू! मांजर घर सोडून गेलं! एकदा माझी वेणी त्या लगद्यात लागली, तर कात्री आणून टच्चकन कापली आणि वर म्हणतात, ‘बरी दिसतेयस.’ शीड शिवलं दुकानातल्या मशीनवर, दुमड घालून, कडेनं दुहेरी शिलाई, इस्त्री करून, आणि विश्वास ठेवा, शिडाला आतून खिसा ठेवला! कशाला? ‘सवय.’ झालं!

शेजारचे विचारायचे, होडीत वहिनींनाही नेणार का? तर हे छाती काढून, ‘तिच्यासाठीच तर आहे. आत केबिन आहे, झोपायला जागा, रात्रभर राहता येईल.’ केबिन म्हणजे काय, तर कपाट आडवं केलेलं! आणि आत जायला वर छतात एक गोल भोक, त्याला लाकडी कडं, वर झाकण. मी म्हटलं, एकदा आत उतरून बघते. तर म्हणाले, ‘आत ओलं आहे.’ दुसऱ्या दिवशी म्हटलं, तर, ‘रंग दिलाय.’ मी म्हटलं, अहो, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोटाची तीन तीन वेळा ट्रायल घेता, माझी एकदा घ्या की! तर कपाळावर बोट. ‘तुझी कसली ट्रायल घ्यायची? माप डोक्यात आहे.’

गेल्या रविवारी निघालो. अर्धी गल्ली काठावर. बहिणीला फोन केला, जेवायलाच येते, स्वतःच्या होडीनं. ती म्हणाली, ‘अय्या!’ मला पोहता येत नाही, तरी त्या ‘अय्या’साठी मी बसले त्यात. आणि खरं सांगू, पहिली दहा मिनिटं... चालली हो! शीड भरलं, होडी सरकली, काठ मागे गेला, आणि हे सुकाणूवर असे बसलेले की, आता खोटं कशाला बोला, मला बरं वाटलं. इतकंच.

मग वारा वाढला. शिडाच्या खाली एक आडवी काठी असते, ती वाऱ्याबरोबर या बाजूची त्या बाजूला जाते, मध्ये डोकं आलं तर डोकं जातं. हे ओरडले, ‘खाली उतर, केबिनमध्ये!’ मी पाय आत सोडले. गुडघे गेले. मांड्या गेल्या. आणि मग... मग काहीच जाईना! ना खाली, ना वर. बाटलीला बूच!

मी म्हटलं, अहो, अडकले. हे म्हणाले, ‘शक्यच नाही, चौतीस धरलंय.’ चौतीस! तुम्हाला सांगते, चौतीस मी लग्नाच्या वर्षी होते! त्यानंतर दोन मुलं झाली, चाळीस वर्षं बसून हेमिंग केलं, आणि ह्यांच्या डोक्यात काय, तर चौतीस! मी म्हटलं, अहो, आता मार्जिन काढा! तर म्हणाले, ‘ठेवलंय ना, कड्यात चांगलं पाच पाच इंच लाकूड सोडलंय, करवतीनं आत्ता उसवतो.’ करवत कुठे? तर केबिनमध्ये. आणि केबिनचं दार कुठे? तर दारात मी!

आता गंमत ऐका. म्हणजे तुमची गंमत, माझा जीव जातोय. ती काठी पलीकडे जायची तर मध्ये माझं धड. काठी एका बाजूलाच, त्यामुळे होडी एकाच दिशेनं, आणि ती दिशा समुद्राची! बहिणीचं घर डावीकडून निघून गेलं, मी बघतेय. बुडायची भीती? छे! बुडायला आधी त्या भोकातून सुटायला नको? आणि तेवढ्यात मला आठवण कशाची यावी, तर बादलीची. तीसुद्धा आत!

शेवटी रविवारची लाँच आली, माणसांनी भरलेली. सगळी एका बाजूला गोळा. लाँचवाला भोंगा वाजवून विचारतो, ‘काका, त्या बाई अर्ध्याच का आहेत?’ हे काय म्हणाले असतील? ‘फिटिंग चालू आहे.’ दोर बांधला आणि आम्हाला ओढत नेलं, थेट बहिणीच्या धक्क्यावर. ती उभी, नवरा उभा, हातात मोबाईल, फोटो काढतायत. ‘ताई, उतर ना, अशी काय उभी आहेस?’ म्हटलं, हवा खातेय!

मग धक्क्यावरच्या सुताराची करवत आणली आणि सगळ्यांसमोर, माझ्याभोवती, करकर करकर... ‘अहो, मी आत आहे!’ ‘अंगावर असतानाच फिटिंग कळतं, हलू नकोस.’ कडं सुटलं, मी सुटले, अंगभर भुसा. चालत बहिणीच्या घरात गेले आणि बॉम्बच पडला म्हणा. म्हटलं, आधी टेप घ्या! आत्ता! सगळ्यांसमोर माझं माप घ्या आणि लिहा! लिहाच!

ह्यांनी खिशातून टेप काढली. असतेच ती. माझ्याभोवती फिरवली. बघितलं. पुन्हा बघितलं. मी खाली मान घालून आकडा वाचला, चव्वेचाळीस. बहीण पुढे आली, हसू दाबत, ‘किती भरलं हो, भावजी?’ आणि हे, डोळ्याची पापणी न हलवता, ‘चौतीस. सूतभर फरक नाही. लाकूडच ओलीनं फुगलं होतं.’ आणि टेप गुंडाळून खिशात! बहिणीनं पहिल्यांदा स्वतःच्या कमरेकडे बघितलं. मेहुण्यांनी मोबाईल खाली ठेवला.

आता अशा माणसाला काय बोलणार? बहीण म्हणाली, ‘ताई, परत जाताना तरी लाँचनं जा.’ चार बाया बघत होत्या. मी म्हटलं, छे, आमची होडी आहे की! तशीच बसले त्यात. सात तास लागले, सगळी भिजले, बिस्किटांचा लगदा झाला, बादली वापरली, शी, त्यावर बोलूच नका. आणि आता पुढच्या महिन्यात म्हणे दोन दिवसांचा प्रवास. मी भोकातून आत-बाहेर करून बघितलं. आरामात जाते. ह्यांनी गुपचूप शेहेचाळीस कापलंय... दोन इंच मार्जिन धरून!