नळी बदलायची की नाही?

जुन्या वस्तूच्या आत एकदा डोकावूनही न बघता तिला भंगार ठरवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. काकांनी आमच्या आजोबांची शिकारीची बोल्ट-ॲक्शन रायफल रीतसर माझ्या लायसन्सवर करून दिली, पण नाशिकच्या नेमबाजीच्या रेंजवर तिच्या गोळ्या निशाण्याच्या कागदभर विखुरायच्या. त्यात स्पर्धा जवळ आलेली. जो तो एकच सांगायचा, "नळी गेली. बदलून टाक."

काकांचा चेहरा उतरला. "नळी बदलली तर बाबांची रायफल राहिली कुठे गं?"

"काका, आधी आत बघू तरी!"

बोल्ट काढून मी सळईने नळीत चिंधी फिरवली. ती लाल होऊन बाहेर आली.

"गंज!" काका मटकन खाली बसले.

मी चिंधी नाकाशी नेली. "काका, गंजाला कुंकवाचा वास कधीपासून यायला लागला?"

तेलात मिसळून घट्ट बसलेलं कुंकू काढता काढता दुपार गेली. मग नळी खिडकीकडे धरली. गोळीला फिरकी देणारे आतले कोरीव आटे गोल वळत वळत थेट उजेडापर्यंत गेले होते, कालच घडवल्यासारखे लखलखीत.

दुसऱ्या दिवशी रेंजवर सगळ्या गोळ्या पेढ्याएवढ्या जागेत बसल्या.

घरी येताच काकांनी काकूला विचारलं, "अगं, दसऱ्याच्या पूजेला तू कुंकू थेट नळीत घालायचीस?"

काकू पोळी लाटत म्हणाली, "मग काय मागून लावायचं? देवाला कुंकू समोरूनच लावतात."