रोनन ग्रीलिशचा स्टँड

फिंटन: रोननला अडीच वर्षं तुरुंग, मॅलकी! मान खाली घे जरा. अडीच वर्षं! आणि गेल्या महिन्यात त्या दारुड्यानं गाडी घालून बाईचा पाय मोडला, त्याला काय? दीड वर्ष, तेही स्थगित. संध्याकाळी गडी पबमध्ये हजर.

मॅलकी: मग त्याला जास्त शिक्षा द्यायला हवी होती. रोननला कमी नव्हे.

फिंटन: झाला सुरू कारकून! अरे, नगरसेवक होता, बिल्डरला घरं बांधायची परवानगी मिळवून दिली. बदल्यात काय घेतलं? क्लबच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी छपराचा स्टँड. स्वतःच्या घरी एक वीट नेली नाही त्यानं. चारशे माणसं आज भर पावसात कोरड्या डोक्यानं हर्लिंगची मॅच बघतात, ती कुणामुळं?

मॅलकी: त्याच्यामुळं. आणि अकरा घरांत गुडघाभर पाणी शिरलं, तेही त्याच्यामुळंच. ती घरं उभी केली ती नदीकाठची जमीन पुरात बुडते, असं मी स्वतः अहवालात टाइप केलं होतं. फायलीतून तेवढाच कागद गेला. प्रत माझ्याकडं होती.

फिंटन: कोर्टानं विचारलं म्हणून सांगितलंस, असं तरी म्हण. बरं वाटेल मला.

मॅलकी: कोर्टाच्या आधीच पोलिसांकडं गेलो होतो. आपण होऊन.

फिंटन: खोटं बोलायला तुला कुणी शिकवलंच नाही का रे? वर्गात शेजारी बसायचो, तेव्हासुद्धा हेच. पण एक मानतो. एक्केचाळीस वर्षं कौन्सिलात काढलीस, साधी पेन्सिल घरी नेली नाहीस. आणि साक्ष देताना तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही, असं माझी बायको सांगत होती.

मॅलकी: पाय हलत होते. ते कठड्यामागं होते, म्हणून दिसले नाहीत तिला.

फिंटन: दुपारी फायनलला येतोयस ना?

मॅलकी: रेडिओवर ऐकेन.

फिंटन: गेल्या रविवारीही मैदानाच्या फाटकावरनंच परत गेलास म्हणे.

मॅलकी: ‘चुगलखोर’ म्हणून ओरडले. आधी वाटलं, बाहेरगावची पोरं असतील. मग एकेक आवाज ओळखू यायला लागला.

फिंटन: मी नव्हतो हं.

मॅलकी: माहीत आहे. तू असतास तर पुढच्या गावाला ऐकू गेलं असतं.

फिंटन: पण मग रोननच्या पोराचा खेळ हुकला तुझा! काय गोल राखला कियननं! ते समोरच्या संघाचे किल्ड्रमवाले गोलामागं उभे राहून ओरडतायत, ‘बाप कुठंय रे तुझा? बाप कुठंय?’ आणि हा पठ्ठ्या तिकडं वळूनही बघत नाही. लागोपाठ तीन फटके अडवले. तिसरा तर छातीवर घेतला, हर्लिंगची काठी हातातनं निसटलेली असताना! अंगावर काटा आला माझ्या.

मॅलकी: रेडिओवाल्यालाही आला असावा. ओरडून ओरडून आवाजच बसला त्याचा.

(दाराची घंटा वाजते. रोननची बायको डर्व्हला आत येते. गळ्यात क्लबचा हिरवा मफलर.)

फिंटन: डर्व्हला! अगं... हा फक्त केस कापायला आलाय.

डर्व्हला: न्हाव्याकडं आणखी कशाला येतात, फिंटन? मॅलकी, तुमच्या घरी जाऊन आले. शेजारीण म्हणाली, इथं असाल.

मॅलकी: बोला.

डर्व्हला: कोर्टाबाहेर तुम्ही माझ्याकडं बघून टोपी काढलीत. मी तोंड फिरवलं. ते तेव्हापासून मनात राहिलंय.

मॅलकी: तुम्ही दुसरं काय करणार होतात?

फिंटन: मी तेच म्हणत होतो, डर्व्हला. रोनननं स्वतःसाठी काहीही...

डर्व्हला: माझं स्वयंपाकघर बघितलंयस ना तू? नवं. ओटा, कपाटं, जमिनीची फरशी.

फिंटन: बघितलंय की. नाताळात तिथंच तर जेवलो.

डर्व्हला: ते त्याच बिल्डरनं बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत. मी विचारलंही नाही कशाबद्दल, कारण मला कळलं होतं. काल पोलिसांना सांगून आले. आता तुला सांगतेय, म्हणजे गावाला वेगळं सांगायला नको.

फिंटन: अगं, पण रोननला कळलं तर?

डर्व्हला: पोलिसांकडं जायच्या आधीच, तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी मीच सांगितलं त्याला. तो म्हणाला, ‘ओटा छान आहे पण.’ आणि रडला. माणूस वाईट नाही रे तो. पण ती अकरा घरंही माणसांचीच आहेत.

मॅलकी: डर्व्हला, हे करायची तुम्हाला गरज नव्हती. माझ्याकडं निदान कागद तरी होता. तुमचं तर घरच पणाला लागलं.

डर्व्हला: तुम्हीही एकट्यानंच खरं सांगितलंत, म्हणूनच आले. आज स्टँडमध्ये माझ्या शेजारची रोननची खुर्ची रिकामी आहे. तुम्ही बसा तिथं.

मॅलकी: लोक तुम्हालाही शिव्या देतील.

डर्व्हला: देऊ देत. कियनला विचारलंय. तो म्हणाला, ‘आण त्यांना. नीट बघू तरी देत मॅच.’

फिंटन: हे बघ मॅलकी, त्या स्टँडमध्ये तुझ्या दुसऱ्या बाजूला मी बसणार. कुणी ओरडलं तर माझा आवाज आहेच.

मॅलकी: ...चला मग. ते फडकं काढ, फिंटन.

फिंटन: अरे थांब! मागची सगळी बाजू राहिलीय. अर्धी हजामत करून जाणार का तिच्याशेजारी बसायला?

डर्व्हला: होऊ दे सावकाश. मी थांबते.