डाव्या डोळ्यातला माणूस

गोपिका : अन् मी उद्या दवाखान्यात येणार नाई, आताच सांगून ठेवते. मंग सकाळी रिक्षा दारात उभी करून तमाशा नका करू.

भैय्याजी : अवं, डॉक्टरनं साफ सांगतलं न! मोतीबिंदू पिकून कडक झाला. आता टाळशीन तर डोळा हातचा जाईन.

गोपिका : उजव्याचं झालं न दिवाळीत. त्यानं सुई ओवता येते, तांदूळ निवडता येते. या वयात अजून काय पाह्याचं हाय मले?

भैय्याजी : उजव्याच्या टायमाले तर तूच मले ओढत नेलं होतं. आता डाव्याले काहून नाई?

गोपिका : नाई म्हणजे नाई. अन् तुम्ही हे काय खुडबुड करून राहिले? प्रशिकचा कॅमेरा हाय तो. पोरगा बुटीबोरीहून ड्युटी करून येईन अन् तुमच्यावरच बोंबलीन.

भैय्याजी : त्याले इचारूनच घेतला. ही लेन्स पाह्य. ओळखली?

गोपिका : आपल्या सदरच्या स्टुडिओतली? दुकान बंद केलं तवा सारं इकलं न तुम्ही?

भैय्याजी : खुर्च्या इकल्या, पडदे इकले. हिले हात नाई लावू देला कोणाले. मधात हा छल्ला बसवला की आजच्या कॅमेऱ्यावर चढते. पण कॅमेरा असा नखरेवाला, म्हणते लेन्सच नाई लावली! समोर बसून हाय अन् म्हणते नाई.

गोपिका : बाप्पा! मंग?

भैय्याजी : मंग सेटिंगमधी जाऊन त्याले समजवा लागते, की बावा, लेन्स दिसत नसली तरी तू आपला फोटो काढ. तवा कुठं कबूल होते. फोकस मात्र करून देत नाई. तो आपल्याच हातानं, ही रिंग फिरवून. पह्यल्यासारखा.

गोपिका : काच तर दुधावानी दिसून राहिली.

भैय्याजी : आतमधी बुरशी धरली. तिलेही मोतीबिंदूच झाला म्हण.

गोपिका : मंग उद्या हिलेच घेऊन जा ऑपरेशनले.

भैय्याजी : मस्करी सोड. ये इकडं, चष्मा लाव अन् उजव्या डोळ्यानं कॅमेऱ्याच्या या पडद्यावर पाह्य. तो समोरचा बल्ब.

गोपिका : अवं माय! असाच! माह्या डाव्या डोळ्याले अस्साच दिसते तो! फुललेल्या शेवंतीवानी. उजव्यानं पाह्यलं की नुसता बल्ब, माश्यांनी घाण केलेला.

भैय्याजी : म्हणजे बल्बासाठी ऑपरेशन नाई म्हणून राहिली तू?

गोपिका : बल्ब गेला चुलीत.

भैय्याजी : मंग कशासाठी? बोल न वं.

गोपिका : हसाल तुम्ही.

भैय्याजी : नाई हसत.

गोपिका : उजव्याची पट्टी काढली न, तवा सगळ्यात पह्यले तुमालेच पाह्यलं. अन् धस्स झालं मले. म्हटलं, हा कोण म्हातारा? गाल बसलेले, मान कोंबड्यावानी. माहा माणूस कुठं गेला? घरी आली, उजवा डोळा झाकला, तर तुम्ही होते. भरल्या गालाचे. स्टुडिओच्या पायरीवर उभे राहत होते तसे, पिवळ्या उजेडात. आताही रोज दिवेलागणीले तुम्ही चहा घेत बसता, तवा मी उजवा झाकून घेते अन् पाहत राहते. उद्या हा डोळा साफ केला की तो माणूस गेला. मले नाई पाह्यजे असं साफ दिसणं.

भैय्याजी : त्याचा फोटो काढून ठेवू आपण.

गोपिका : कोणाचा?

भैय्याजी : तुह्या डाव्या डोळ्यातल्या माणसाचा. मी बसतो त्या खुर्चीवर. कॅमेरा स्टँडवर हाय, तू मागं उभी राह्य. डाव्यानं मले पाह्यचं, उजव्यानं पडदा पाह्यचा, अन् हळूहळू रिंग फिरवाची. दोन्हीकडं सारखाच दिसला की हे बटन दाबाचं. मंग डोळा साफ झाला तरी तो कुठं जात नाई. भिंतीवर लावू त्याले.

गोपिका : मले जमते का ते?

भैय्याजी : न जमाले काय झालं? फिरव.

गोपिका : लोण्यावानी फिरते हो! आता तर तुम्ही नुसते पिवळा ढग. हा, खांदे आले. थोडं अजून... आला! आला हो! हाच! कसा बसला पाहा, राजावानी!

भैय्याजी : दाब मंग.

गोपिका : थांबा, चष्मा घसरला. च्या माय, रिंग पुढं सरकली.

भैय्याजी : मागं घे जराशी.

गोपिका : थांबा, पडद्यावर तुम्ही साफ दिसून राहिले.

भैय्याजी : काय झालं? घेतली मागं?

गोपिका : तुम्ही ओठ असे काहून दाबून धरले?

भैय्याजी : कुठं?

गोपिका : अन् डोळे भरले हायेत.

भैय्याजी : उजेड येऊन राहिला तोंडावर.

गोपिका : खोटं नका बोलू. इथं पापणी अन् पापणी दिसून राहिली मले.

भैय्याजी : भेव वाटते वं मले. डोळा गेला तर परत येत नाई. तू भिंत चाचपत चालशीन अन् मी पाहत बसीन. माह्यानं होणार नाई ते.

गोपिका : कवापासून असं तोंड घेऊन फिरून राहिले?

भैय्याजी : तू नाई म्हटलं तवापासून.

गोपिका : अन् मले कसं दिसलं नाई? रोज तर तुमालेच पाहत होती.

भैय्याजी : डाव्यानं.

(गोपिका रिंगवरचा हात काढून घेते.)

भैय्याजी : घे, रिंग मागं घे. तो भरल्या गालाचा वाट पाहत असन.

गोपिका : जाऊ द्या त्याले. तो कुठं रडते माह्यासाठी.

भैय्याजी : म्हणजे उद्या...?

गोपिका : येते उद्या. अन् डोळे नका पुसू आता, असेच बसून राहा. फोटो काढून राहिली मी.