साडूचं फर्मवेअर

…नाही, पण मी म्हणतो, बोलायची गरजच काय होती त्याला? गाण्याचं यंत्र ना ते? मग गाणी वाजवावीत आणि गप्प खिशात बसावं! 'आई, आवाज वाढवलाय हं.' 'आई, पुढचं गाणं लावतो.' अहो, आई? त्या माझ्याही सासूबाई आहेत, आणि त्या गोपाळकृष्णाच्या दोन वर्षं आधीपासून आहेत! पण थांबा, गैरसमज नको. मी जळत नाही हं. मला काय त्याचं!

तुम्हाला सांगतो, हा गोपाळकृष्ण म्हणजे माझा साडू. माझ्या बायकोच्या, कौशल्येच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला वाघोलीला, नोकरी कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत, गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचा फोटो. रविवारीसुद्धा! अरे, सासरी आलायस, तुला ओळखतात इथे! महिन्यातून दोनदा गाडी काढून कसब्यात यायचं, पाऊण तास बसायचं, 'आई, तब्येत सांभाळा' म्हणायचं आणि जायचं. आणि आम्ही? आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो. गॅसचा नंबर कोण लावतं? मी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोण नेतं? मी. मोतीबिंदू काढल्यापासून त्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब कोण घालतं? कॉलेजातली हेडक्लार्कची खुर्ची सोडून दुपारी सायकल हाणत येणारा हा अनिरुद्ध! पण ते जाऊ द्या. केलेलं बोलून दाखवणाऱ्यातला मी नाही.

तर यंदा, म्हणजे दोन हजार सात साली, अधिक महिना आला. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे. सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, दोघांनाही तेहतीस तेहतीस दिले (मी घरी जाऊन मोजले, उगाच) आणि वर दोघांनाही एकेक गाण्यांचा प्लेअर. काडेपेटीएवढा. एकाच दुकानातला, एकाच रंगाचा! सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघे साडू बरोबरीत आलो होतो हो… पंधरा दिवस टिकली ती बरोबरी. सोळाव्या दिवशी हा आला आणि खिशातून तो बोलका प्लेअर काढला!

"काही नाही हो अनिरुद्धराव, सिंपल आहे. कंपनीचं फर्मवेअर उडवलं आणि नेटवरचं दुसरं टाकलं. फुकट असतं. मेनू बोलायला लागतो, फक्त आवाज आपला रेकॉर्ड करायचा."

मी म्हटलं, "हो का? कुठलं व्हर्जन?" व्हर्जन म्हणजे काय हे मला आजही माहीत नाही, पण त्या वेळी काहीतरी विचारणं भाग होतं. मग मागाहून समजून घेतलं… म्हणजे असं की यंत्रात कंपनीनं एक मेंदू घातलेला असतो, तो काढायचा आणि जगभरच्या रिकामटेकड्यांनी मिळून लिहिलेला दुसरा घालायचा. चांगला चाललेला मेंदू! काढायचा कशाला?

पण सासूबाई खूश! एक डोळा नुकताच झालेला, दुसरा व्हायचाय, ती नखाएवढी काच त्यांना दिसणार कुठे? ह्यानं कळ दाबली की लगेच, 'आई, आवाज वाढवलाय हं.' "अगं बाई! बोलतो की हा! आणि आई म्हणतो! जावई असावा तर असा." माझ्यासमोर म्हणाल्या हो! मी समोर बसून त्यांचाच चिवडा खात होतो! आठ वर्षं झाली लग्नाला, हे वाक्य मला एकदा ऐकायचं होतं. एकदाच! ते गेलं वाघोलीला. पण मी जळत नाही हं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, त्यात काय एवढं! माझा प्लेअर तुम्हीच ठेवा. पुढच्या रविवारी बोलका करून आणतो."

कौशल्येनं माझ्याकडे नुसतं बघितलं. रिमोटमध्ये सेल उलटे घालणारा नवरा, तिला सगळं माहीत! घरी आल्यावर म्हणाली, "अहो, भाओजींकडूनच घ्या ना करून." भाओजींकडून! म्हणजे मी जाऊ वाघोलीला, हातात प्लेअर घेऊन, 'गोपाळराव, एवढं करता का' म्हणत? त्यापेक्षा मी येरवड्याला जाईन, आत!

बसलो कॉम्प्युटरपुढे. सूचना किती? अठरा पानं. इंग्रजीत. सगळी वाचली, डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्यात ठळक अक्षरात एकच धमकी, काम चालू असताना वायर काढू नका. नाही काढणार! कोण काढतंय? निम्मं काम झालं आणि आतून कौशल्या ओरडली, "अहो, आईच्या थेंबांची वेळ झाली!" …आणि काय सांगू तुम्हाला, इतक्या आठवड्यांची सवय! उठलो, वायर खेचली, प्लेअर खिशात टाकला, सायकल काढली. कोपऱ्यावर गेल्यावर कळलं काय केलं ते. काच काळी ठिक्कर. कळ दाबली, काही नाही. साडूचा बोलतोय आणि माझा गेला!

थेंब घातले आणि तसाच गेलो सुखदेव रेडिओवाल्याकडे. कसब्यात वीस वर्षं दुकान, माणूस मान वर करत नाही.

"काय झालं?"

"फर्मवेअर घालत होतो."

"कुणी सांगितलं होतं?"

"साडूनं घातलं म्हणून…"

"साडू काय करतात?"

"कॉम्प्युटर कंपनीत आहे."

"आणि आपण?"

"कॉलेजात हेडक्लार्क."

"हं."

बस्स! एवढंच 'हं'! मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मग त्यांनी दोन कळा एकदम दाबून धरल्या, वीस आकडे मोजले आणि काच उजळली. "जिवंत आहे. वायर लावा, पहिल्यापासून घाला आणि संपेपर्यंत जागचे हलू नका." नाही हललो. दुसऱ्या खेपेला झालं हो! एकट्यानं केलं! कौशल्येला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली, "बरं."

आता राहिलं रेकॉर्डिंग. चाळीस शब्द, एकेक करून. आणि मी ठरवलं, त्या गोपाळकृष्णासारखं लाडेलाडे नाही बोलायचं, स्वच्छ, खणखणीत! 'आवाज वाढला.' 'पुढील गाणे.' माझी समजूत अशी, की शब्द संपला की रेकॉर्डिंग आपोआप बंद होतं. शहाणा माणूस शब्द संपल्यावर गप्प बसेल की नाही? बसतो का कुणी? मी पुणेकर, एक वाक्य बोललं की त्यावर शेरा मारल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही! मी शब्द म्हणायचो, शेरा मारायचो आणि मग एंटर दाबायचो. आणि तो प्लेअर, तुम्हाला सांगतो, एंटर दाबेपर्यंत ऐकत होता. ते पुन्हा वाजवून बघायचं असतं, हे अठरा पानांत होतं म्हणे. असेल!

रविवार. सगळे जमलेले. मी ऐटीत प्लेअर सासूबाईंच्या हातात दिला. त्या कानाला लावणार एवढ्यात हा गोपाळकृष्ण, "थांबा आई, गाडीत स्पीकर आहे, सगळेच ऐकू या!" मदत! केवढी ती मदत!

सासूबाईंनी कळ दाबली. स्पीकरमधून मी.

'आवाज वाढला. त्याचाही वाढलाय हल्ली फार.'

मला वाटलं, एवढ्यावर निभावेल. त्यांनी पुन्हा दाबली.

'पुढील गाणे. पुढेपुढे करावं तर ह्यानंच. सासरी गळ्यात पट्टा घालून येतो, माणूस आहे का कोण आहे!'

मेव्हणीनं तोंडाला पदर लावला. मी म्हणतोय, "आई, द्या इकडे, द्या, काहीतरी बिघडलंय," आणि त्या देतील तर शपथ! गोपाळकृष्णाचा हात हळूच पट्ट्याकडे गेलेला. पुन्हा कळ, ह्या खेपेला बॅटरीची.

'बॅटरी संपत आली. माझीही आलीये. आठ वर्षं झाली, एकदा कुणी म्हणालं नाही, अनिरुद्धराव, तुमच्यामुळे मला दिसतंय. एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?'

…संपलं. मी जमिनीकडे बघत होतो. फरशीवर एक मुंगी होती, तिच्याकडे बघत होतो. मग सासूबाईंनी तीच कळ परत दाबली. परत ऐकलं. पूर्ण. आणि म्हणाल्या, "अहो, मग बोलायचं नाही का? मला वाटायचं, तुम्हाला कौतुक आवडत नाही. चेहरा केवढा रागीट तुमचा! माझे थोरले जावई लाखात एक आहेत, हे मी साऱ्या गल्लीला सांगते, फक्त तुम्हाला भिऊन सांगत नाही."

आणि गोपाळकृष्ण? रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं पट्टा काढून खिशात घातला आणि म्हणाला, "अनिरुद्धराव, माझ्या प्लेअरमध्येही तुमचाच आवाज टाकून द्या. मस्त आहे!" आता ह्याच्यावर रागवायचीसुद्धा सोय राहिली नाही!

म्हणजे मिळालं की नाही मला? मिळालं! पण पुढचं ऐका. सासूबाई आता गाणी ऐकतच नाहीत. नुसती कळ दाबतात. शेजारणी जमतात, हसतात, डोळे पुसतात, 'पुन्हा लावा, पुन्हा लावा.' काल दुपारी थेंब घालायला गेलो तर बायका बसलेल्या, मधोमध गोपाळकृष्णानं ठेवलेला तो स्पीकर, त्यातून मी बोलतोय. मी दारात उभा. म्हटलं, "आई, वेळ झाली…"

तर सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "श्श! जरा थांबा हो अनिरुद्धराव, जावई बोलतायत!"