काडेपेटीतल्या अळ्या

सत्त्याण्णव साली दिंडोरीच्या गाडीची तासतास वाट बघावी लागे. नाशिकच्या स्टँडवर बसल्या बसल्या सगुणाबाईचे कान शेजारच्या बाकड्याकडे वळले. शेती कॉलेजातला नातू आजीला गाडीत बसवून द्यायला आला होता.

“पुढं कशात शिकायचं तो विषय सोमवारी कॉलेजात सांगायचाय आजी, अन् माझं काहीच ठरत नाय.”

“घरी द्राक्षाची बाग, अन् तुला विषय सापडंना? फळबागेचा घे.”

“मग गोरक्षनं काय करायचं? माझ्या शिक्षणापायी धाकट्यानं शाळा सोडून बाग सांभाळली. आता त्यालाच मी छाटणी शिकवू?”

“शिकवून तर बघ! कात्री फेकून मारील.”

“म्हणून तर अडलंय.”

“लहानपणी काडेपेटीत अळ्या घेऊन हिंडायचास, आठवतं? तुझी आई लाटणं घेऊन मागं धावायची.”

“अन् गोरक्ष त्या अळ्यांना गुपचूप पानं आणून द्यायचा. काय दिवस होते, आजी!”

“मग किडीचाच विषय घे की, येड्या. बागेत कीड पडली की तोच तुला हाक मारील. भावानं बोलावल्यावर गेलेलं बरं, आपणहून शिकवायला गेलेलं नाय.”

“अन् नाय मारली हाक तर?”

“तर मी मारीन. माझा घसा अजून शाबूत हाय.”